जिनोमसाठी कीटक गोळा करताना: ठाणे-नवी मुंबईतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्राणिशास्त्राचे विद्यार्थी आणि शिक्षक, निसर्गमंडळांतले कार्यकर्ते, जिनोम (सजीवाचा संपूर्ण डीएनए) वाचणाऱ्या प्रकल्पांना नमुने देऊ इच्छिणारे हौशी अभ्यासक यांच्यासाठी हे पान आहे. डीएनए काढणं आणि तो यंत्रावर चढवणं प्रयोगशाळा बघून घेते. पण कीटक मेल्यापासून गोठेपर्यंतच्या अर्ध्या तासात जे बिघडतं, ते पुढे कुठल्याच यंत्राला दुरुस्त करता येत नाही. म्हणून इथे सगळा भर त्या अर्ध्या तासावर आणि त्याच्या आधीच्या तयारीवर आहे.

खिडकीत मेलेला पतंग सापडला. तो चालेल का?

संपूर्ण जिनोमसाठी नाही. प्राणी मेला की त्याच्याच पेशींतली डीएनए तोडणारी एन्झाइम्स मोकळी होतात, आणि आतड्यातले जिवाणू बाहेर पसरतात. ठाण्यातल्या मे महिन्याच्या ३४-३५ अंशांत किंवा जुलैच्या दमट हवेत हे काम काही तासांत उरकतं. हल्ली जिनोम जोडण्यासाठी, म्हणजे वाचलेले तुकडे जुळवून पूर्ण क्रम उभा करण्यासाठी, जी लाँग रीड यंत्रं वापरतात, त्यांना पंधरा-वीस हजार बेसचे (डीएनएच्या अक्षरांचे) अखंड तुकडे लागतात. दोन दिवस पडून राहिलेल्या पतंगात असे तुकडे क्वचितच उरतात.

तो फेकून मात्र देऊ नका. प्रजाती ओळखण्यासाठी वापरतात तो डीएनए बारकोड, म्हणजे सीओआय जनुकाचा ६५८ बेसचा भाग, अशा कीटकाच्या एका पायातूनही बऱ्याचदा मिळतो. संग्रहालयातल्या जुन्या, टाचणीवर लावलेल्या नमुन्यांमधूनही शॉर्ट रीड, म्हणजे छोटे तुकडे वाचणाऱ्या, पद्धतीने बरंच काही वाचता येतं. फक्त त्यातून नव्या प्रजातीचा पहिला, संदर्भ म्हणून वापरता येईल असा जिनोम जोडता येत नाही.

मग कीटक मारायचा कसा?

थंडीने. इथाइल ॲसिटेटची मारकुपी टाचणीवरच्या संग्रहासाठी वर्षानुवर्षं वापरली जाते, पण जिनोमसाठी ती टाळा. ओलाव्यात त्यातून ॲसिटिक ॲसिड तयार होतं आणि डीएनएचे तुकडे पडतात. फॉर्मलिनचा तर प्रश्नच नाही, कारण ते डीएनए आणि प्रथिनं एकमेकांना चिकटवून टाकतं. झुरळांवर मारायचा फवाराही नको. फवाऱ्याने कीटक सावकाश मरतो, कुठेतरी फटीत जाऊन मरतो आणि हाती लागेपर्यंत वेळ गेलेला असतो.

जिवंत कीटक झाकणाच्या डबीत घालून साध्या फ्रिजमध्ये, साधारण ४ अंशांवर, दहा-पंधरा मिनिटं ठेवा. तो सुस्तावतो, मरत नाही. मोठ्या भुंगेऱ्याला किंवा विंचवाला अर्धा तास लागतो. या अवस्थेत फोटो काढा: पाठीकडून, पोटाकडून, बाजूने, शेजारी मिलिमीटरची पट्टी ठेवून. मग बर्फाच्या पॅकवर ठेवलेल्या काचेच्या पेट्री डिशमध्ये, ज्वाळेवरून फिरवून किंवा ब्लीचने पुसून धुतलेल्या चिमट्याने आणि ब्लेडने भाग वेगळे करा. प्रत्येक भाग आपापल्या क्रायोट्यूबमध्ये (अतिथंडीत टिकणाऱ्या नळीत) टाकून ती लगेच कोरड्या बर्फाच्या (गोठवलेल्या कार्बन डायऑक्साइडच्या) चुऱ्यात खोचा किंवा द्रव नायट्रोजनमध्ये सोडा. ब्लेड लावल्यापासून गोठेपर्यंत दोन-तीन मिनिटांपेक्षा जास्त वेळ जाऊ नये. ट्यूबवरचं लिखाण, फोटो, टिपण हे सगळं ब्लेड उचलण्याआधी झालेलं असावं.

गोठवण्यासाठी नुसता कोरड्या बर्फाचा मोठा तुकडा वापरला तर तो ट्यूबला एकाच बाजूने टेकतो आणि गोठायला वेळ लागतो. तो फडक्यात गुंडाळून हातोडीने फोडा. चुऱ्यात थोडं इथेनॉल ओतून लगदा केला तर ट्यूब सगळीकडून थंड होते. लगद्याजवळ कुठेही ज्योत नको.

कोरडा बर्फ मिळाला नाही. घरच्या फ्रीजरमध्ये ठेवला तर?

घरचा फ्रीजर उणे १८ अंशांच्या आसपास असतो, आणि फ्रॉस्ट-फ्री असेल तर साचलेला बर्फ वितळवण्यासाठी तो दर काही तासांनी स्वतःला थोडा गरम करतो. नमुना हळूहळू गोठतो, पेशींत बर्फाचे मोठे स्फटिक होतात, पेशी फाटतात. नंतर जरा वितळला की एन्झाइम्सना मोकळं रान. अनेकदा वितळलेला आणि गोठलेला नमुना दिसायला अगदी ताजा असतो, पण डीएनए काढल्यावर जेलवर तो खालपर्यंत पसरलेला धूसर पट्टा म्हणून दिसतो, म्हणजे त्याचे तुकडे झालेले असतात.

कोरडा बर्फ हातात नसेल तर कीटक मारूच नका. जिवंत ठेवा. जिवंत कीटकाचा डीएनए त्याच्या स्वतःच्या पेशी सांभाळतात, आणि प्रयोगशाळा पुण्यात किंवा मुंबईत असेल तर जिवंत नमुना हाताने पोचवणं सगळ्यांत उत्तम. बरणीच्या झाकणाला बारीक भोकं, आत ओलसर टिश्यू पेपरची घडी, एका बरणीत एकच प्राणी, पहाटेची गाडी. उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत बरणी अर्धा तासही ठेवू नका.

इथेनॉलमध्ये ठेवलेलं चालत नाही का? सगळीकडे तेच सांगतात.

बारकोडसाठी आणि शॉर्ट रीडसाठी उत्तम चालतं. लाँग रीडसाठी ते दुसऱ्या पसंतीचं आहे. लहान कीटक नीट ठेवले तर काम होतं. गुणसूत्रांची मांडणी जोडणाऱ्या हाय-सी पद्धतीला मात्र पेशी आणि केंद्रकं शाबूत लागतात. त्यासाठी गोठवलेलाच भाग द्या.

इथेनॉल ९५ ते १०० टक्के हवं. ७० टक्क्यांत एवढं पाणी असतं की एन्झाइम्स पूर्ण थांबत नाहीत. सॅनिटायझर आणि रंगकामाचं स्पिरिट यांत इतर रसायनं मिसळलेली असतात, ती नकोत. कीटकाच्या दहापट तरी द्रव घ्या. कीटकाच्या अंगातलं पाणी द्रवात उतरून तो पातळ होतो, म्हणून २४ तासांनी तो ओतून नवा भरा. मोठ्या कीटकाच्या कडक कवचातून इथेनॉल आत शिरत नाही: बाहेरून टिकलेला नाकतोडा आतून कुजलेला निघतो. पोटाच्या दोन खंडांमधल्या मऊ पडद्यावर ब्लेडने चीर द्या, किंवा फक्त मागच्या मांडीचा स्नायू काढून ठेवा. बाटली थंडीत आणि अंधारात ठेवावी.

महाराष्ट्रात शुद्ध इथेनॉल विकत घेण्यासाठी आणि साठवण्यासाठी राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना लागतो. तो संस्थेच्या नावावर असतो. म्हणून हौशी मंडळींनी जवळच्या महाविद्यालयाच्या विभागाशी जोडून घ्यावं. कीटक पकडण्याच्या सापळ्यांसाठी प्रोपिलीन ग्लायकॉल हा चांगला पर्याय आहे: सहज पेट घेत नाही, पटकन उडून जात नाही, डीएनए बऱ्यापैकी टिकवतो. गाडीच्या रेडिएटरमध्ये घालतात ते कूलंट म्हणजे हे नव्हे. त्यात बहुधा इथिलीन ग्लायकॉल असतं, आणि ते विषारी आहे.

कुठून गोळा करता येईल? येऊरला गेलो तर?

येऊरचं जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. तिथून एक मुंगीसुद्धा वन विभागाच्या लेखी परवानगीशिवाय उचलायची नाही. तुंगारेश्वर आणि कर्नाळा ही अभयारण्यं, तिथेही हाच नियम. ऐरोली आणि वाशीच्या पुलांदरम्यानच्या खाडीचा मोठा भाग २०१५ पासून ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य आहे, आणि २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. खारफुटी अभयारण्याबाहेरची असली तरी ती राखीव वन असू शकते. फिडलर खेकडे किंवा खारफुटीवरचे कोळी हवे असतील तर आधी वन विभागाच्या कांदळवन (खारफुटी) कक्षाकडे अर्ज करा.

अर्जाला महिने लागतात. विद्यार्थ्यांनी प्रकल्पाचं वर्ष सुरू होताच तो टाकावा. अर्जात प्रजाती, प्रत्येकीचे किती नमुने, कोणत्या महिन्यांत, कुठल्या पद्धतीने, उरलेला नमुना कुठे जमा होणार हे नेमकं लिहिलं तर प्रश्न कमी येतात. “विविध कीटक” असं मोघम लिहिलेला अर्ज बहुधा खुलाशासाठी परत येतो.

दुसरा कायदा प्रजातीचा. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या अनुसूचींमध्ये कितीतरी फुलपाखरं आहेत, आणि ती तुमच्या बाल्कनीत आली तरी कायदा लागूच असतो. २०२२ च्या दुरुस्तीनंतर अनुसूची नव्याने मांडल्या गेल्या, म्हणून ताजी यादी काढूनच बघा. इथे एक सापळा ठरलेला आहे: डॅनाइड एगफ्लायची मादी आपल्याकडे सर्रास दिसणाऱ्या प्लेन टायगरची हुबेहूब नक्कल करते, आणि दुरुस्तीआधीच्या यादीत ही प्रजाती थेट पहिल्या अनुसूचीत होती. मागच्या पंखाच्या मधल्या भागात ठिपके आहेत का ते बघा. प्लेन टायगरला ते असतात, एगफ्लायच्या मादीला नसतात. खात्री नसेल तर सोडून द्या.

तिसरा कायदा जैविक विविधता अधिनियम, २००२. भारतीय नागरिकाने भारतातल्याच प्रयोगशाळेत केलेल्या शुद्ध संशोधनाला त्यात अडसर नाही. पण नमुना परदेशात पाठवायचा, परदेशी संस्था भागीदार आहे किंवा पेटंट घ्यायचं आहे, असं काही असेल तर चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाशी आधी बोला. मैत्रीखातर परदेशातल्या प्रयोगशाळेत पाकिटातून पाठवलेला पायसुद्धा यात येतो.

परवानगीशिवाय करण्यासारखं काहीच नाही का?

भरपूर आहे, आणि सुरुवात तिथूनच करावी. सोसायटीची गच्ची, बाल्कनीतल्या कुंड्या, महाविद्यालयाचं आवार, मालकाच्या संमतीने शेत. घरातल्या तांदळातले सोंडे, पिठातले किडे, झुरळं, ढेकूण, डास, मावा, पांढरी माशी हे सगळे जिनोमच्या दृष्टीने महत्त्वाचे प्राणी आहेत. वाशीच्या कृषी बाजारात देशभरातून धान्य येतं. तिथल्या व्यापाऱ्यांशी बोलून मूठभर किडकं धान्य आणलं तर साठवणीतल्या किडींच्या दोन-तीन प्रजाती एका बरणीत मिळतात. बरणीवर धान्य कुठून आलं ते लिहा, कारण किडा वाशीचा नसून मराठवाड्याचा किंवा पंजाबचाही असू शकतो.

गच्चीवर पांढरा पडदा आणि मागे अतिनील दिवा लावला तर पहिल्या पावसानंतरच्या अंधाऱ्या रात्री पतंग, भुंगेरे आणि पंख फुटलेली वाळवी मोठ्या संख्येने येते. अमावास्येच्या आसपासचे दिवस निवडा. हवेत तेवढेच घ्या आणि दिवा रात्रभर जळत ठेवू नका.

एकाच प्रजातीचे किती नमुने लागतात?

जिनोम शक्यतो एकाच प्राण्याचा असावा. दहा प्राण्यांचा डीएनए एकत्र केला की प्रत्येकातले फरक एकमेकांत मिसळतात, आणि जोडणी करणाऱ्या सॉफ्टवेअरला एकाच जागेच्या वीस आवृत्त्या दिसतात. २०१९ मध्ये ॲनोफिलिस कोलुझी या डासाचा जिनोम एकाच मादीच्या सुमारे १०० नॅनोग्रॅम डीएनएवर जोडला गेला, तेव्हापासून “प्राणी लहान आहे म्हणून एकत्र केले” ही सबब कमकुवत झाली आहे. माइट किंवा स्प्रिंगटेलसारख्या अगदी बारीक प्राण्यांत आजही एकत्र करावं लागतं. तेव्हा निदान एका मादीची पिल्लं वाढवून तीच घ्या.

एक प्राणी लाँग रीडसाठी, शक्य असेल तर त्याच प्राण्याचा दुसरा भाग हाय-सीसाठी, तिसरा आरएनएसाठी. प्राणी छोटा असेल तर याच जागेचे, याच दिवशीचे दुसरे-तिसरे प्राणी घ्या. वर दोन-तीन राखीव. यापेक्षा जास्त मारण्याचं कारण सहसा नसतं.

जिनोम किती मोठा आहे यावरही गरज ठरते. फळमाशीचा सुमारे १८ कोटी बेसचा, रेशीम पतंगाचा ४५ कोटींच्या घरात, एडिस डासाचा जवळपास १२८ कोटींचा, तर प्रवासी टोळाचा साडेसहाशे कोटींच्या आसपास, म्हणजे माणसाच्या दुपटीहून जास्त. टोळ-नाकतोड्यांसाठी निधी मागताना हा आकडा आधी मांडा.

नर घ्यावा की मादी?

फुलपाखरं आणि पतंगांत मादीची लिंग गुणसूत्रं वेगळी असतात: डब्ल्यू आणि झेड. दोन्ही हवीत तर मादी घ्या. माशा, डास, बहुतेक भुंगेरे यांत हे उलट, नरात एक्स आणि वाय अशी वेगळी असतात, म्हणून नर घ्या. रातकिडे आणि चतुर यांच्या नरात सहसा एक्स एकटाच असतो. मधमाश्या, गांधीलमाश्या आणि मुंग्यांचे नर हे वरदान आहे: ते निषेचित न झालेल्या अंड्यातून जन्मतात, त्यांच्यात प्रत्येक गुणसूत्राची एकच प्रत असते आणि जोडणी फार स्वच्छ होते. मुंग्यांचे पंखवाले नर पावसाच्या तोंडावर दिव्यावर येतात. ते चुकवू नका. लिंग ओळखता आलं नाही तर टिपणात “अज्ञात” लिहा. अंदाजाने “नर” लिहू नका.

कीटकाच्या पोटातलं अन्नही वाचलं जाईल ना?

जाईल, आणि हाच सगळ्यांत मोठा प्रश्न आहे. पोटातली पानं, रक्त, परजीवी, जिवाणू सगळ्यांचा डीएनए एकत्र येतो. त्यातला थोडा भाग संगणकावर चाळून काढता येतो. वोल्बाकियासारखे कीटकांच्या पेशींतच राहणारे जिवाणू तर येणारच, आणि त्यांचा छोटा जिनोम वेगळा मिळाला तर तोही उपयोगी ठरतो. पण अन्नाचा डीएनए कीटकाच्या डीएनएची जागा खातो आणि पैसे त्यावर खर्च होतात.

गोठवण्याआधी २४ ते ४८ तास उपाशी ठेवा, पाणी मात्र द्या. रक्त प्यायलेली डासाची मादी घेऊ नका. कुंडीच्या बशीतल्या अळ्या वाढवून त्यातून निघालेले, काहीही न खाल्लेले डास घ्या. गोचिडीचं पोट तर रक्ताचीच पिशवी असते. तिथे अळी अवस्था किंवा अंडी बघा.

कढीपत्त्यावरच्या फुलपाखराचं उदाहरण घेऊ. यादी तपासून, त्या अळीला हात लावायला कायद्याने मनाई नाही याची खात्री करूनच पुढे जायचं. अळी थेट गोठवली तर आतडं कढीपत्त्याने भरलेलं असतं आणि आत परोपजीवी गांधीलमाशीची पिल्लं वाढत असण्याची शक्यताही असते. बाहेरून ती कळत नाहीत. अळीला जाळीच्या डब्यात रोज ताजा पाला द्या, फवारलेला नको. ती कोष करते. प्रौढ बाहेर येतो तेव्हा पंख सुरकुतलेले, ओले असतात. तास-दोन तासांत ते ताठ होतात आणि फुलपाखरू तांबूस किंवा तपकिरी थेंब टाकतं, म्हणजे कोषात साचलेली घाण बाहेर टाकतं. हे थेंब पडले, अजून मध चाखला नाही: नमुना घ्यायची यापेक्षा चांगली वेळ नाही. फ्रिजमध्ये सुस्तावा, चारही पंख बुडाशी कापून बटर पेपरच्या पाकिटात ठेवा. पंखांत डीएनए फारसा नसतो, पण प्रजात ओळखण्याचा तोच पुरावा असतो. मग डोकं एका ट्यूबमध्ये, वक्ष दुसरीत, उदर तिसरीत.

इतर प्राण्यांचा कोणता भाग घ्यावा?

नियम सोपा: स्नायू हवा, आतडं नको. उडणाऱ्या कीटकांचं वक्ष स्नायूंनी भरलेलं असतं, नाकतोड्यांत मागच्या मांड्या. माशांच्या लाल डोळ्यांतली रंगद्रव्यं पीसीआर (डीएनएच्या प्रती काढण्याची प्रक्रिया) अडवतात, म्हणून डोकं वापरायचं तर डोळे सोडा. मोठ्या भुंगेऱ्यांचं कवच वजनात भर घालतं पण डीएनए देत नाही. ते फोडून आतला स्नायू काढा. २५ ते ५० मिलिग्रॅम स्नायू बहुतेक प्रयोगशाळांना पुरतो.

कोळ्यांचं उदर टाळा, त्यात भक्ष्याचे अवशेष आणि पाचकरस असतात. पाय आणि पुढचा भाग घ्या. खेकड्यात नांगीचा पांढरा स्नायू उत्तम. कवच उघडल्यावर दिसणारी पिवळट पाचक ग्रंथी, जिला चिंबोरी खाणारे चवीने खातात, ती डीएनए तोडणाऱ्या एन्झाइम्सनी भरलेली असते. ती फुटून स्नायूवर आली तर दुसरी नांगी वापरा. गोमी आणि वाणी यांचे पाय आणि देहभित्तीचा स्नायू घ्या. वाणीच्या अंगातून निघणारा पिवळा रस हाताला आणि नमुन्याला दोन्हींना वाईट, म्हणून आधी ओल्या टिश्यूने पुसा.

विंचू आणि गोमी पकडताना काय काळजी घ्यावी?

रात्री ३६५ ते ३९५ नॅनोमीटरचा अतिनील टॉर्च घ्या. विंचवाचं अंग हिरवट-निळं चमकतं आणि लांबून दिसतं. पंचवीस-तीस सेंटिमीटरचा चिमटा, पायात बूट, दगड आपल्या बाजूला उचलून, म्हणजे त्याखालचा प्राणी पलीकडे पळेल. कोकणातला लाल विंचू जीवघेणा ठरू शकतो. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी त्याच्या दंशावर प्राझोसिन या औषधाचा उपचार रूढ केल्यापासून मृत्यू खूप कमी झाले, पण त्यासाठी माणूस वेळेत दवाखान्यात पोचावा लागतो. एकट्याने जाऊ नका आणि जवळचं सरकारी रुग्णालय आधी माहीत करून घ्या.

कोरडा बर्फ आणि द्रव नायट्रोजन यांचीही भीती बाळगा. एक किलो कोरड्या बर्फाचा पाचशे लिटरांहून जास्त कार्बन डायऑक्साइड होतो. बंद गाडीत एसी आतल्या हवेवर ठेवून तो नेला तर चालकाला भोवळ येते. काचा थोड्या उघड्या ठेवा. द्रव नायट्रोजनमध्ये बुडालेल्या ट्यूबमध्ये द्रव शिरला असेल तर बाहेर काढल्यावर ती फुटते. चेहऱ्यावर शील्ड हवीच.

आरएनएसाठी वेगळं काही?

हो. जनुकं कुठे सुरू होतात आणि कुठे संपतात हे ठरवायला आरएनए लागतो, आणि तो डीएनएपेक्षा कितीतरी नाजूक असतो. लगेच उणे ८० अंशांत गोठवलेला भाग सगळ्यांत बरा. ते जमत नसेल तर आरएनए जपणारा द्रव: भाग अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा पातळ कापा, पाच ते दहापट द्रवात बुडवा, रात्रभर ४ अंशांत ठेवा, मग गोठवा. अखंड भुंगेरा या द्रवात टाकणं म्हणजे पैसे वाया, कारण कवच त्याला आत येऊ देत नाही.

ट्यूबवर काय आणि कशाने लिहायचं?

मार्करची शाई इथेनॉलच्या एका थेंबाने धुऊन जाते, बॉलपेनचीही. इथेनॉलच्या बाटलीत जाड कागदावर पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी आत टाका. गोठवायच्या ट्यूबला क्रायो लेबल लावा, आणि ते गोठवण्यापूर्वी, कारण दव बसलेल्या ट्यूबवर काहीच चिकटत नाही. ट्यूबवर फक्त क्रमांक. बाकी सगळं वहीत आणि शीटमध्ये: गाव आणि नेमकी जागा, अक्षांश-रेखांश दशांशात चार अंकांपर्यंत, तारीख, गोळा करणारा, पद्धत, झाड किंवा धान्य, लिंग, अवस्था, कोणता भाग, किती वाजता मारला, किती वाजता गोठवला. शेवटच्या दोन वेळा सगळे विसरतात. जोडणी बिघडली तर कारण शोधताना पहिल्यांदा त्याच विचारल्या जातात.

पंख, जननेंद्रियं किंवा उरलेलं शरीर याला तोच क्रमांक द्या आणि ते संदर्भ नमुना म्हणून जमा करा. पुण्यातलं भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं पश्चिम प्रादेशिक केंद्र आणि मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी यांचे संग्रह आपल्या जवळ आहेत. जमा करण्याआधी त्यांच्या अटी विचारा. पावसाळ्यात टाचणीवरच्या नमुन्याला दोन दिवसांत बुरशी येते. सिलिका जेलच्या बंद डब्यात वाळवा, जेलचा रंग बदलला की बदला. संदर्भ नमुना नसलेला जिनोम कोणाचा आहे हे वीस वर्षांनी कोणी सांगू शकत नाही, आणि कीटकांमध्ये एका नावाखाली दोन प्रजाती निघण्याचे प्रसंग वारंवार येतात.

डीएनए आम्हीच काढून पाठवला तर?

साधा बारकोड असेल तर जरूर काढा. लाँग रीडसाठी सवय असेल तरच. व्हॉर्टेक्सवर (नळी जोरात हलवणाऱ्या यंत्रावर) हलवणं, बारीक टोकाच्या पिपेटने वर-खाली करणं, काढलेला डीएनए गोठवून पुन्हा वितळवणं, या तिन्हींनी लांब धागे तुटतात. रुंद टोकाची टिप वापरा, नळी बोटांनी हळू उलटीपालटी करा, तयार डीएनए ४ अंशांत ठेवा. मोजणी क्युबिटवर करा, हे यंत्र डीएनएला चिकटणाऱ्या चमकत्या रंगावरून मोजतं. नॅनोड्रॉप, म्हणजे प्रकाश किती शोषला जातो त्यावरून मोजणारं यंत्र, कीटकांच्या नमुन्यात अनेकदा जास्त आकडा दाखवतो, कारण रंगद्रव्यं आणि आरएनएही त्यात मोजले जातात. नॅनोड्रॉपवर शुद्धता दाखवणारं २६०/२८० चं गुणोत्तर १.८ च्या जवळ आणि २६०/२३० चं २ च्या आसपास असावं. दुसरं फार कमी आलं तर कर्बोदकं किंवा क्षार शिल्लक आहेत, आणि यंत्र ते सहन करत नाही.

पार्सल कसं पाठवायचं?

जाड थर्माकोलचा डबा, बाहेर पुठ्ठ्याचा खोका. खाली कोरडा बर्फ, मध्ये ट्यूबची पेटी, वर आणि बाजूंनी पुन्हा बर्फ. मोकळी जागा वर्तमानपत्राने भरा, कारण बर्फ उडाला की पेटी आत फिरते. चांगल्या डब्यातही दिवसाला तीन-चार किलो बर्फ उडून जातो, म्हणून प्रवास एक दिवसाचा असला तरी दोन दिवसांचा भरा. थर्माकोलचं झाकण चिकटपट्टीने हवाबंद करू नका. वायूला वाट नसेल तर डबा फुटतो. विमानाने जायचं असेल तर यूएन १८४५ या कोरड्या बर्फाच्या सांकेतिक क्रमांकाचं लेबल आणि बर्फाचं निव्वळ वजन बाहेर लिहावं लागतं. प्रवासी म्हणून स्वतः न्यायचा असेल तर विमान कंपनीची आगाऊ संमती घ्या. मर्यादा माणशी अडीच किलोची आहे. इथेनॉल ज्वलनशील म्हणून साध्या टपालात घेत नाहीत. बाटली पाठवण्याआधी द्रव ओतून काढता येईल का ते प्रयोगशाळेला विचारा. एक-दोन दिवस ओलसर राहिलेला नमुना चालतो.

सोमवार किंवा मंगळवारी पाठवा. शुक्रवारी निघालेला डबा शनिवार-रविवार गोदामात पडतो आणि सोमवारी उघडतात तेव्हा त्यात बर्फ नसतो. गणपती-दिवाळीच्या आठवड्यात तर पाठवूच नका. निघताना ट्यूबची यादी, पार्सलचा क्रमांक आणि भरलेल्या बर्फाचं वजन प्रयोगशाळेला कळवा. पोचल्यावर किती बर्फ उरला होता ते त्यांच्याकडून लिहून घ्या. उरलाच नसेल तर राखीव नमुना पाठवा, आणि वितळलेल्या ट्यूबवर तशी नोंद करून त्या बारकोडसाठी वेगळ्या ठेवायला सांगा.